रेस चढते, रेस उतरते : जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून एक धडा



वार्तापत्राच्या या पानावर एरवी आरोग्य, शिक्षण किंवा जातीच्या दाखल्याविषयी एखादा धडा असतो. या वेळचा धडा ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयी आहे. वाडीतल्या बचत गटाने जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हातभार लावला होता. त्यामुळे भेट झाली की तुम्ही हमखास विचारता, "ट्रॅक्टर चालतो ना हो अजून?" चालतो. पण गेल्या जुलैत चार दिवस तो चालत नव्हता. त्या चार दिवसांत इंजिनाबद्दल जे शिकलो ते सांगतो. त्याच दिवसांत माझ्या हातून एका माणसाच्या बाबतीत चूक झाली, तीही सांगतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत.

मी कारखान्यात फिटर होतो. निवृत्तीनंतर अलिबाग तालुक्याच्या या भागात आठवड्यातले तीन दिवस येतो. यंत्राची सवय आहे, पण ट्रॅक्टरचा मी जाणकार नव्हे. म्हणून हा लेख तज्ज्ञाचा नाही. चुकत शिकलेल्या माणसाचा आहे, असे समजून वाचावा.

काय झाले

आमची कातकरी वाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली खारेपाटाची सपाट भातखाचरे आणि त्यांच्यापुढे धरमतर खाडी. वाडीतल्या लोकांनी काही खाचरे खंडाने घेतली आहेत. ट्रॅक्टर आधी त्या खाचरांत चिखलणी करतो आणि मग भाड्याने गावातल्या शेतांत जातो. हे भाडे चार कुटुंबांना दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यापासून थांबवते. म्हणून जुलैतला ट्रॅक्टरचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, पस्तीस हॉर्सपॉवरचा आहे आणि वय पंचवीस वर्षांच्या पुढे आहे. त्या जुलैत त्याला एक विचित्र खोड लागली. सकाळी लगेच चालू व्हायचा. वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चालायचा. मग हात-ॲक्सिलरेटर एका जागी असतानाही रेस आपोआप चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. धापा टाकणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा आवाज यायचा. चढताना सायलेन्सरमधून काळ्या धुराचा एक झोत निघायचा. चिखलात जोर लागला की इंजिन बंद पडायचे. दहा मिनिटे थांबून किल्ली फिरवली की पुन्हा चालू, आणि पुन्हा तेच.

राबातली रोपे चोवीस दिवसांची झाली होती. भाताची रोपे साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांची असताना लावली तर फुटवे चांगले येतात. जितका उशीर होईल तितका उतारा घटतो. तालुक्याहून मेस्त्री आला, पाच मिनिटे आवाज ऐकला आणि म्हणाला, "गव्हर्नर गेलाय. पंप उतरवून शहरात द्यावा लागेल. आठ-दहा दिवस धरा, आणि चौदा-पंधरा हजार."

बचत गटाच्या खात्यात तेवढे पैसे होते, पण ते बियाणे, खत आणि आजारपणासाठी ठेवलेले होते. रात्री बैठक बसली. ट्रॅक्टर चालवणारा मुलगा बावीस वर्षांचा. वाडीत परवाना काढलेला तो पहिलाच. कुणीतरी म्हणाले, बंदरावर होड्यांचे स्वस्त डिझेल मिळते, तेच भरले असेल. मी सगळ्यांसमोर त्याला विचारले, "खरं सांग बाळा, बंदरावरचं डिझेल भरलंस का?"

"नाय काका. पंपावरचाच हाय. पावत्या हायत."

त्याने पावत्या आणल्या. कुणी त्या नीट पाहिल्या नाहीत. मीही पाहिल्या नाहीत. त्याने किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि तो कडेला जाऊन बसला.

गव्हर्नरचे काम काय

मेस्त्रीने गव्हर्नरचे नाव घेतले म्हणून आधी तो समजून घेऊ. पेट्रोलच्या गाडीत पाय दाबला की इंजिनात जाणारी हवा वाढते. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे तसे नाही. आपण ॲक्सिलरेटरचा दांडा ओढतो तेव्हा आपण गव्हर्नरला फक्त सांगतो, "मला एवढा वेग हवा." तो वेग टिकवण्यासाठी किती डिझेल द्यायचे हे गव्हर्नर ठरवतो.

त्याची रचना साधी आहे. डिझेल पंपाच्या शाफ्टवर दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि पंपातला डिझेलचा दांडा, म्हणजे रॅक, कमी डिझेलकडे सरकवतात. नांगर जमिनीत रुतला आणि वेग घटला की वजने आत येतात आणि स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलते. ही वजनांची कल्पना जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली. वेग हेलकावे का खातो याचा गणिती अभ्यास जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये मांडला. 'गव्हर्नर' हा शब्द मुळात सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तो लगेच कळेल. होडीच्या सुकाणूवर नवखा पोरगा बसला की होडी डावीकडे वळल्याचे त्याला उशिरा कळते. मग तो सुकाणू जास्त फिरवतो आणि होडी उजवीकडे जाते. पुन्हा तेच. होडी नागमोडी चालते. इंजिनाच्या अशा नागमोडी चालीला मेस्त्री लोक 'हंटिंग' म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. गव्हर्नरला फक्त वेग कळतो. वेग का घटला ते त्याला कळत नाही. समजा टाकीकडून डिझेलच कमी येत आहे. वेग घटतो. गव्हर्नर रॅक पूर्ण उघडतो. मध्येच डिझेलचा लोट येतो, वेग एकदम चढतो आणि गव्हर्नर रॅक मागे खेचतो. तोवर पुन्हा डिझेल तुटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते गव्हर्नर बिघडला. प्रत्यक्षात तो आपले काम इमानाने करत असतो. म्हणून हंटिंग दिसले की थेट पंप उतरवू नये. आधी डिझेल आणि हवा यांचा रस्ता तपासावा. हाच या धड्याचा गाभा आहे.

पहिली पायरी : ऐका, विचारा, लिहा

पाना हातात घेण्याआधी वही घ्यावी आणि पाच गोष्टी लिहाव्यात. दोष थंड इंजिनात दिसतो की तापल्यावर? रिकामे असताना की जोर लागल्यावर? टाकी भरलेली असताना की अर्धी झाल्यावर? धूर काळा, पांढरा की निळसर? शेवटचे काम कुणी काय केले होते?

हेलकावा आणि 'मिसिंग' यांतला फरकही ओळखावा. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर ठोका चुकल्यासारखा भरभर टक-टक आवाज येतो आणि ट्रॅक्टर थरथरतो. त्याचे कारण बहुधा नोझल किंवा व्हॉल्व्ह असते. हंटिंगची लाट संथ असते. चढायला एक-दोन सेकंद, उतरायला एक-दोन सेकंद.

हे सगळे ज्याला सर्वात जास्त माहीत असते, तो म्हणजे रोज ट्रॅक्टरवर बसणारा माणूस. आम्ही त्यालाच विचारले नव्हते. विचारले होते, पण आरोप म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच ट्रॅक्टरजवळ वही घेऊन बसलो. पाचही प्रश्नांची उत्तरे मला येत नव्हती. शेवटी त्याच्या घरी गेलो. तो आधी बोलेना. मग हळूच म्हणाला, "काका, डिझेल बघाया झाकन उघडला की बरा चालतो. उघडताना आवाज पन येतो, सूंऽऽ करून."

ते ऐकून मी उठलोच.

दुसरी पायरी : टाकी आणि झाकण

टाकीतून डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढले जात नाही. नारळाला एकच भोक पाडून पाणी ओतायला गेलात तर ते अडखळत पडते, तसेच. चालू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे बरे चालणे, मग हेलकावे, मग बंद, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू ही या दोषाची खूण आहे. थांबलेल्या वेळात हवा कुठून तरी हळूहळू आत शिरते, म्हणून तो पुन्हा चालू होतो.

तपासणी अगदी फुकट आहे. हेलकावे सुरू झाले की झाकण सैल करा. सूं आवाज आला आणि मिनिटाभरात इंजिन सुधारले तर दोष सापडला.

आम्ही झाकण उघडले. त्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा घडी घालून नीट बसवलेला होता. छिद्र पूर्ण बंद. मी त्याच्याकडे पाहिले.

तो म्हणाला, "तुमीच बोललात ना काका, पान्याचा एक थेंब टाकीत जाता नये म्हनून."

होय, मीच बोललो होतो. जूनमध्ये, पहिल्या पावसात. डिझेलमध्ये पाणी गेले तर पंप गंजतो, हे त्याला ताकीद देऊन सांगितले होते. झाकणाला छिद्र असते आणि ते उघडे राहिले पाहिजे, हे सांगायचे राहून गेले होते. त्याने माझी सूचना माझ्यापेक्षा जास्त काळजीने पाळली होती.

तिसरी पायरी : गाळणी, फिल्टर आणि हवा

प्लॅस्टिक काढल्यावर जोरात असताना इंजिन छान चालू लागले. पण रेस कमी केली की बारीक हेलकावा राहिलाच. इथे आणखी एक धडा आहे. एक दोष सापडला म्हणून शोध थांबवू नये. जुन्या यंत्रात दोष बहुधा जोडीने राहतात.

डिझेलचा रस्ता क्रमाने तपासा. टाकीच्या तोटीवरची जाळी, मग गाळाची वाटी, मग फीड पंपाची छोटी गाळणी, मग दोन फिल्टर. जुन्या ट्रॅक्टरांत पहिला फिल्टर बहुधा कापडाचा आणि दुसरा कागदाचा असतो. वाटीच्या तळाशी पाणी दिसेल, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके असते आणि पाणी खाली बसते. ते रोज काढावे. फिल्टर धुऊन पुन्हा लावण्याची काटकसर महागात पडते. पंपातले प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून धुळीचा एक कण काय करू शकतो ते लक्षात येईल.

यानंतर हवा. डिझेलच्या नळीत हवेचे बुडबुडे शिरले की पंपाचा घास चुकतो. फीड पंपाच्या पुढे नळीत दाब असतो, तिथे सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर झिरपते आणि दिसते. फीड पंपाच्या मागे ओढ असते. तिथे सांधा सैल असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. सांधा कोरडा दिसतो आणि आपण फसतो.

ते पकडण्यासाठी फीड पंपाच्या आधीच्या नळीत थोडी पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी जोडावी आणि चालू इंजिनात बुडबुडे पाहावेत. दुसरा उपाय मेस्त्री मंडळी 'सलाइन लावणे' म्हणतात. स्वच्छ कॅनमध्ये दोन-तीन लिटर गाळलेले डिझेल घ्या. कॅन सायलेन्सरपासून लांब, उंचावर पक्का बांधा आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडा. हवा काढून इंजिन अर्धा तास चालवा. हेलकावा गेला तर दोष टाकी, झाकण, जाळी किंवा मागच्या नळीत आहे. राहिला तर दोष पुढे आहे. पंप उतरवण्याआधी एवढे केले तर निम्म्या शंका मिटतात.

आमच्या नळीत बुडबुडे दिसले. फीड पंपाच्या बँजो बोल्टचा वायसर जुनाच पुन्हा दाबून बसवलेला होता, त्यावर चीर गेलेली होती. टाकीत पोकळी झाली की तीच चीर हवा ओढायची. दोन्ही बाजूंचे नवे वायसर घातले. खर्च वीस रुपयांच्या आत.

मग हवा काढली. क्रम लक्षात ठेवा. पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा, स्क्रू आवळायचा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. घाई केली तर एक बुडबुडा राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर खाचरात उतरला. दांडा एका जागी ठेवला आणि रेस एका जागी राहिली. पंपाला कुणी हात लावला नव्हता.

एवढ्याने भागले नाही तर

सगळ्यांचे नशीब वीस रुपयांच्या वायसरवर संपत नाही. पुढची तपासणी याच क्रमाने करावी.

ॲक्सिलरेटरचे सांधे पाहा. दांड्यापासून पंपापर्यंतच्या सळ्यांचे सांधे झिजले, स्प्रिंग ढिली पडली किंवा हात-ॲक्सिलरेटर कंपनाने स्वतःच सरकू लागला, तर रेस बदलते आणि दोष गव्हर्नरवर जातो. पंपावरचा लिव्हर घट्ट धरून ठेवायला सांगा. हेलकावा थांबला तर दोष सळ्यांत आहे.

एअर क्लीनर पाहा. जुन्या ट्रॅक्टरांत तळाशी तेल असलेला क्लीनर असतो. चिखलाने भरला तर काळा धूर येतो आणि जोर कमी होतो. तेल खुणेच्या वर भरले तर ते इंजिनात ओढले जाते, इंजिन ते इंधन म्हणून जाळते आणि रेस दांड्याचे न ऐकता चढते.

काही जुन्या ट्रॅक्टरांत वजनांऐवजी हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. त्यात चामड्याचा पडदा असतो आणि इनटेकपासून पंपापर्यंत एक नळी जाते. नळी फुटली किंवा पडदा फाटला की ओढ नाहीशी होते आणि रॅक जास्त डिझेलकडे जातो. तपासणी अशी : इंजिन बंद असताना नळी काढा, स्टॉपचा लिव्हर ओढून धरा, नळीच्या भोकावर बोट घट्ट ठेवा आणि लिव्हर सोडा. पडदा चांगला असेल तर लिव्हर पूर्ण मागे येत नाही. लगेच परत आला तर पडदा फाटला आहे.

पंपाचे स्वतःचे तेलही पाहा. अनेक जुन्या पंपांत वेगळे तेल असते आणि ते वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. तेल आटले तर गव्हर्नरच्या पिना झिजतात. पातळी आपोआप वाढली असेल तर त्यात डिझेल उतरते आहे.

एवढे सगळे पाहून झाल्यावर मात्र पंप उतरवून तपासणीच्या बेंचवर द्यावा. पंपावरचे शिशाचे सील आणि मोठ्या रेसचा स्क्रू घरी कधीही उघडू नये. तिथे मेस्त्रीला पैसे देणे हाच शहाणपणा. आमच्या मेस्त्रीचे निदान चुकले, पण त्याचे ज्ञान खोटे नव्हते. त्याला पाचच मिनिटे मिळाली होती आणि आम्ही त्याला काहीच सांगू शकलो नव्हतो.

दोन धोके

पहिला धोका नोझलचा. जुन्या इंजिनाचे नोझल सुमारे १७५ ते २०० किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबावर उघडते. तो फवारा कातडी भेदून आत जातो. सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती हाताने चाचपून शोधू नका. फवारा लागलाच तर दुखत नसले तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा आणि डिझेल दाबाने आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दुसरा धोका इंजिन 'पळण्याचा'. कधी रेस चढतच जाते आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. अशा वेळी आधी माणसे, विशेषतः मुले, लांब करा. मग हवेचा रस्ता बंद करा. इनटेकच्या तोंडावर सपाट फळी किंवा जाड घडी केलेले गोणपाट दाबून धरा. हात कधीही लावू नका. चालकाला शक्य असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला तरी इंजिन गुदमरून थांबते. डिझेलची तोटी बंद करून वाट पाहणे पुरेसे नाही, नळीतले डिझेल संपायला वेळ लागतो.

आपल्या किनाऱ्यासाठी पाच सवयी

रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाडीवरची हवा खारट असते. म्हणून इथे जास्त जपावे लागते.

१. संध्याकाळी काम संपले की टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि त्याचे पाणी होते.
२. सकाळी चालू करण्याआधी गाळाच्या वाटीतले पाणी काढा.
३. कॅनमधले डिझेल एक दिवस निवू द्या, तळाचे बोटभर ओतू नका. ओतताना बारीक गाळणी वापरा.
४. झाकणावर पावसासाठी छत करायचे तर वरून उलटा डबा ठेवा. छिद्र मोकळे राहू द्या. आठवड्यातून एकदा ते बारीक तारेने साफ करा.
५. सांधा उघडला की वायसर नवा घाला.

या सवयी आता ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगाने लिहिल्या आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रेही आहेत. ती त्या मुलानेच काढली.

शेवटी

त्या रविवारी उपासनेनंतर मी वाडीत गेलो आणि पुन्हा बैठक बोलावली. ज्यांच्यासमोर मी त्याला विचारले होते त्या सगळ्यांसमोर सांगितले की डिझेल पंपावरचेच होते, पावत्या खऱ्या होत्या आणि प्लॅस्टिक माझ्या अर्धवट सूचनेमुळे बसले होते. त्याची क्षमा मागितली. किल्ली त्याच्या हातात परत दिली. तो लाजला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. पन पुढच्या येळंला आधी मला इचारा."

त्या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हते. आता वहीतला पहिला प्रश्न तोच आहे : चालकाला विचारले का?

लावणी तीन दिवस उशिरा झाली. भात आले, थोडे कमी आले. चौदा हजार खात्यातच राहिले. त्यातले काही सप्टेंबरमध्ये एका बाळंतिणीला रात्री अलिबागला नेण्यासाठी कामी आले. पंप उतरवला असता तर ते नसते.

तुमच्यापैकी जे मेस्त्री, फिटर किंवा चालक आहेत त्यांनी वाडीत एक शनिवार जरूर यावे. आता तिथे तीन तरुण फिल्टर बदलतात आणि हवा काढतात. त्यांना शिकायचे आहे आणि शिकवायलाही येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गव्हर्नर चांगला असतानाही रेस का चढ-उतार करते? आपल्या शब्दांत सांगा.
२. फीड पंपाच्या मागचा सैल सांधा कोरडा का दिसतो?
३. 'सलाइन' लावून काय कळते?
४. आपल्या घरी, मंडळीत किंवा कामावर काही बिघडले तेव्हा आपण आधी कुणाला विचारतो? आणि कसे विचारतो?